दिसत नसलेल्या ट्रकसमोर

पुण्यात ‘महाळुंगे’ म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे बालेवाडीपलीकडचे टॉवर येतात. चाकणकडच्या माणसाला एमआयडीसीतलं महाळुंगे इंगळे आठवतं. तिसरं महाळुंगे आंबेगाव तालुक्यात आहे, महाळुंगे पडवळ. आमच्याकडची माणसं हे नाव सांगितलं की लगेच पुढे जोडतात, “बाबू गेनूंचं गाव.”

गोष्ट बहुतेकांना शाळेपासून माहीत असते. १९०८ साली या गावातल्या गरीब शेतकरी घरात जन्मलेले बाबू गेनू सैद मुंबईला गिरणीत कामाला गेले. १२ डिसेंबर १९३० रोजी काळबादेवी भागात विदेशी कापड घेऊन निघालेल्या ट्रकला ते आडवे गेले. ट्रक थांबला नाही. ते बावीस वर्षांचे होते. आज मुंबईत त्यांच्या नावाचा रस्ता आहे आणि आमच्याकडे डिंभे धरणाच्या जलाशयाला त्यांचं नाव आहे.

या गोष्टीतल्या शौर्याबद्दल पुष्कळ बोललं जातं. मला अलीकडे तिच्यातली स्पष्टता जास्त जाणवते. नुकसान कुठून येतंय ते दिसत होतं, ते ट्रकमधून येत होतं. कोण आणतंय तेही दिसत होतं. ते अडवायचं तर कुठे उभं राहायचं, हेही कळत होतं. अवघड होतं ते फक्त तिथे प्रत्यक्ष उभं राहणं, आणि ते भयंकर अवघड होतं.

आपल्या वाट्याला आलेली बरीचशी नुकसानं अशी नाहीत. ट्रक नाही, ड्रायव्हर नाही, रस्ता नाही. कोट्यवधी माणसं आपापलं साधं काम करतात, त्यातल्या कुणाच्याही मनात वाईट नसतं, आणि सगळ्यांच्या कामांची बेरीज कुठेतरी पंचवीस किलोमीटर उंचीवर जाऊन घाव घालते. अशा वेळी एकट्या माणसाची जबाबदारी किती? हा प्रश्न मला एका वायूमुळे पडला, म्हणून आधी त्या वायूबद्दल.

वास येणारा आणि वास न येणारा

आंबेगाव तालुका बटाट्याचा. सातगाव पठारावरचा बटाटा आणि मंचरचा बाजार आमच्या भागात कुणाला वेगळा सांगावा लागत नाही. बटाटा टिकवायचा तर शीतगृह लागतं, आणि आपल्या देशातली बहुतेक मोठी शीतगृहं अमोनियावर चालतात. अमोनिया विषारी आहे, पण त्याचा एक गुण आहे, तो लपत नाही. जरासा गळला तरी नाक-डोळे झोंबतात, माणसं बाहेर पळतात, आणि कुणीतरी व्हॉल्व्ह बंद करायला धावतं.

शंभर वर्षांपूर्वी घरातले फ्रिजही अशाच वायूंवर चालायचे. अमोनिया, सल्फर डायऑक्साइड, मिथिल क्लोराइड. रात्री गळती झाली तर झोपेतली माणसं मरायची. म्हणून अमेरिकेत थॉमस मिजली आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९२८च्या सुमारास असा वायू शोधून काढला जो विषारी नाही, पेटत नाही आणि ज्याची कशाशी सहज रासायनिक क्रिया होत नाही. कार्बनच्या अणूला क्लोरीन आणि फ्लोरीन जोडून तो बनवला होता. १९३०मध्ये मिजलीने रसायनशास्त्रज्ञांच्या सभेत तो छातीत भरून घेतला आणि त्याच श्वासाने मेणबत्ती विझवून दाखवली. एका फुंकरीत दोन गोष्टी सिद्ध झाल्या, माणूस मरत नाही आणि आग लागत नाही. हेच ते क्लोरोफ्लुरोकार्बन, म्हणजे सीएफसी. बाजारातलं नाव फ्रीऑन.

या माणसांना खलनायक ठरवणं सोपं आहे, पण ते खरं नाही. लोकांच्या स्वयंपाकघरातलं विष त्यांनी बाहेर काढलं. त्या काळात तुम्ही-मी त्या प्रयोगशाळेत असतो तर अभिमानाने तेच केलं असतं.

१९७०च्या दशकाच्या सुरुवातीला जेम्स लव्हलॉक या ब्रिटिश शास्त्रज्ञाने स्वतः बनवलेल्या संवेदनशील उपकरणाने अटलांटिक महासागरावरची हवा तपासली. कारखान्यांपासून हजारो किलोमीटर दूरच्या त्या हवेत सीएफसी होता. प्रमाण इतकं कमी होतं की त्याने यात धोका दिसत नाही असंच लिहिलं. मग शेरवुड रोलंड आणि मारिओ मोलिना यांनी एक साधा प्रश्न विचारला. हा वायू पाण्यात विरघळत नाही, जळत नाही, कशाशी क्रिया करत नाही, तर मग याचं शेवटी होतं काय?

१९७४मध्ये त्यांनी उत्तर छापलं. याला खाली कुणीच संपवत नाही, म्हणून तो वर जात राहतो. ओझोनच्या थराच्या वर गेला की सूर्याचे अतिनील किरण त्याला फोडतात आणि त्यातून क्लोरीनचा अणू मोकळा होतो. हा मोकळा अणू फार क्रियाशील असतो. ओझोन म्हणजे ऑक्सिजनचे तीन अणू. क्लोरीन त्यातला एक अणू काढून घेतो, ओझोन मोडतो. मग तो घेतलेला ऑक्सिजन दुसऱ्या एका सुट्या ऑक्सिजन अणूला देऊन टाकतो आणि स्वतः पुन्हा मोकळा होतो. पुन्हा पुढचा ओझोन. असा एक अणू दुसऱ्या कशात अडकून बसेपर्यंत साधारण एक लाख ओझोन रेणू मोडू शकतो. ब्रोमीन संख्येने कमी आहे, पण त्याचा एकेक अणू क्लोरीनच्या अणूपेक्षा कितीतरी पट जास्त नुकसान करतो. तो आग विझवण्याच्या हॅलॉन वायूत आणि शेतमालाच्या धुरीकरणासाठी वापरल्या जाणाऱ्या मिथिल ब्रोमाइडमध्ये असतो.

आणि ज्याच्यावर हे सगळं चालतं तो थर किती? वातावरणातला सगळा ओझोन गोळा करून जमिनीवरच्या दाबाला आणला तर सरासरी तीन मिलिमीटर जाडीचा होईल. दोन मोबाइल कव्हरं एकावर एक ठेवली तर होतील, साधारण तेवढा.

अमोनिया नाकाला झोंबतो, म्हणून माणूस व्हॉल्व्ह बंद करतो. सीएफसीचा वास येत नाही, डोळे चुरचुरत नाहीत, समोरचं कुणी खोकत नाही. तो ज्याला इजा करणार ते माणूस कदाचित पन्नास वर्षांनी, दुसऱ्या खंडात असेल. आपली नीती पुष्कळशी नाकावर चालते. ज्याचा त्रास समोर दिसतो, तेच आपल्याला चूक वाटतं. निरुपद्रवी दिसणं हाच या वायूचा गुण होता आणि त्या गुणानेच त्याला नजरेआड ठेवलं.

एक किलोनं काय होतंय?

माझा आतेभाऊ मंचर-घोडेगाव पट्ट्यात एसी-फ्रिज दुरुस्तीचं काम करतो. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा, आयटीआय केलेला, हाताला चांगला. गेल्या उन्हाळ्यात मी दोन दिवस त्याच्याबरोबर फिरलो. एका जुन्या दुकानातला दीड टनाचा स्प्लिट एसी काढायचा होता. कॉम्प्रेसर जळलेला. त्याने नट सैल केला, आणि फुस्स करून सगळा गॅस उडून गेला. दहा-पंधरा सेकंदांचं काम.

तो आर-२२ होता. आर-२२ म्हणजे एचसीएफसी, सीएफसीचा सौम्य भाऊ. त्यातही क्लोरीन आहे, पण बराचसा वायू खालच्या हवेतच मोडतो, म्हणून ओझोनला त्याचा धोका मूळ सीएफसीच्या साधारण विसावा हिस्सा. पण हवा तापवण्यात तो कमी नाही. वजनाला वजन घेतलं तर शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे अठराशे पट.

मी विचारलं, “दादा, हा काढून घेता येत नाही का?”

“येतो की. कॉम्प्रेसर चालू असला तर पंप डाउन करायचा. एक व्हॉल्व्ह बंद करून मशीन चालवली की गॅस बाहेरच्या युनिटमध्ये गोळा होतो. फुकट काम. पण कॉम्प्रेसरच गेला तर रिकव्हरी मशीन लागतं. मशीन घेतलं तर भाव वाढवावा लागतो. भाव वाढवला की गिऱ्हाईक शेजारच्याला फोन लावतं.”

मी गप्प बसलो तर तोच पुढे म्हणाला, “आणि एक किलोनं काय व्हतंय रे? तुमच्या हिंजवडीत रोज किती उडत असंल!”

मी रात्री हिशेब केला. एक किलो आर-२२ म्हणजे हवा तापवण्याच्या भाषेत सुमारे अठराशे किलो कार्बन डायऑक्साइड. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण सव्वादोन-अडीच किलो निघतो. म्हणजे जवळपास पावणेआठशे लिटर पेट्रोल. पन्नासचं अ‍ॅव्हरेज देणारी मोटारसायकल तेवढ्यात एकोणचाळीस हजार किलोमीटर जाईल, पृथ्वीला जवळजवळ एक फेरी. ते सगळं पंधरा सेकंदांत, फुस्स.

सकाळी त्याला हे सांगितलं. तो हसला नाही, वादही घातला नाही. म्हणाला, “बरं. मग आता?”

हा ‘मग आता’ माझ्या डोक्यात बसला. कारण त्याचं आधीचं वाक्य, ‘एक किलोनं काय व्हतंय’, हे अडाणी वाक्य नाही. तत्त्वज्ञानातल्या फार अवघड प्रश्नांपैकी तो एक आहे.

हजार बटणं

डेरेक पार्फिट या ब्रिटिश तत्त्वज्ञाने १९८४च्या ‘रीझन्स अँड पर्सन्स’ या पुस्तकात असा एक प्रसंग कल्पिला आहे. हजार माणसांना यंत्राला बांधलंय आणि हजार छळणारे आहेत. प्रत्येक छळणारा एकच बटण दाबतो. त्या बटणाने प्रत्येक बांधलेल्या माणसाची वेदना इतकी किंचित वाढते की ती त्याला जाणवतही नाही. हजार बटणं दाबून झाली की हजार माणसं असह्य वेदनेत तळमळत असतात. आता कुठल्याही एका छळणाऱ्याला पकडा. तो म्हणेल, मी बटण दाबलं नसतं तरी कुणालाही फरक कळला नसता. आणि ते खरं असेल.

तरीही आपल्या आतून कुणीतरी ओरडतं की या सगळ्यांनी घोर चूक केली. पार्फिटचंही म्हणणं तेच. माझ्या कृतीचा परिणाम एकटा मोजून चालणार नाही, मी कुठल्या बेरजेत भर घालतोय हेही पाहावं लागतं.

माझ्या कामातल्या अनुभवातून मी यात थोडी भर घालेन. एखादी किंमत स्क्रीनवर ०.०० दिसते, तेव्हा नव्याने कामाला लागलेलं पोरगं म्हणतं, ‘सर, शून्य आहे.’ ती शून्य नसते. दाखवताना दोन दशांश स्थळांनंतर तोडलेली असते. आत डेटाबेसमध्ये ती पूर्ण किंमत बसलेली असते, आणि दहा लाख व्यवहारांनंतर हिशेब जुळत नाही तेव्हा ती समोर येते. ‘नगण्य’ हा शब्द असाच आहे. एक किलोला सगळ्या जगाच्या वायूने भागलं की उत्तर शून्यासारखं दिसतं. पण हा गुण त्या किलोचा नाही. आपण भाजक केवढा घेतला त्याचा आहे. त्या किलोतल्या रेणूंना जग किती मोठं आहे हे माहीत नसतं. ते आपलं काम करतातच.

म्हणजे आतेभाऊ चुकला का? इथे माझी गाडी अडते. कृती चुकीची होती असं मला वाटतं. पण दोष त्याच्या पदरात घालताना हात थबकतो. दोन दिवसांच्या त्या फिरस्तीत आम्ही ज्या पाच-सहा घरांत-दुकानांत गेलो, तिथे एकाही गिऱ्हाइकाने ‘गॅस कुठे जाणार’ हे विचारलं नाही. ‘गळती शोध, नायट्रोजनने टेस्ट कर, मग भर’ असं कुणी म्हणालं नाही. सगळे म्हणत होते, ‘टॉप-अप करून दे, सीझन निघाला पाहिजे.’ म्हणजे गळणारं यंत्र तसंच ठेवून पुढच्या वर्षी पुन्हा तेवढाच गॅस हवेत सोडायचा. बटण दाबणारा हात त्याचा होता. पण गिऱ्हाईक बाजूला उभं राहून ‘लवकर दाब’ म्हणत होतं.

लंडनमध्येही हाच वाद झाला होता

हा वाद मंचरच्या आधी लंडनमध्ये झालाय, आणि त्यात आतेभावाच्या जागी आपला देश होता.

१९८५मध्ये जोसेफ फार्मन आणि त्याच्या दोन सहकाऱ्यांनी अंटार्क्टिकावरच्या हॅली या ठाण्यावरची मोजमापं छापली. दर वसंतात तिथल्या आकाशातला ओझोन भयानक कमी होत होता. कारणही पुढे उलगडलं. हिवाळ्यात तिथे इतकी थंडी असते की त्या उंचीवर बर्फाळ ढग तयार होतात. एरवी दुसऱ्या संयुगांत निमूट अडकून पडलेला क्लोरीन त्या ढगांच्या कणांवर सुटा होतो, आणि वसंतात पहिलं ऊन पडलं की एकदम कामाला लागतो. १६ सप्टेंबर १९८७ रोजी माँट्रिअलमध्ये करार झाला.

भारताने सुरुवातीला सही केली नाही. का? कारण तोवर वर गेलेला वायू जवळजवळ सगळा श्रीमंत देशांचा होता. १९८७ साली आमच्या तालुक्यातल्या किती घरांत फ्रिज असेल? ज्यांनी साठ वर्षं थंड पाणी प्यायलं ते सांगत होते की आता कुणीच हा वायू वापरू नये, आणि नवा वायू त्यांच्याच कंपन्या विकणार होत्या. १९९०मध्ये लंडनच्या बैठकीत तेव्हाच्या पर्यावरण मंत्री मनेका गांधी यांनी हीच बाजू लावून धरली. चीनचंही म्हणणं तसंच होतं. आमचा वाटा नगण्य आहे, आणि बदलायला पैसे लागतात.

हे वाक्य आणि ‘एक किलोनं काय व्हतंय, मशीन महाग आहे’ हे वाक्य एकच आहे. फरक असा की लंडनमध्ये ते ऐकून घेतलं गेलं. तुमचा वाटा छोटा आहे म्हणून तुम्ही सोडत राहा, असं उत्तर मिळालं नाही. छोटा आहे तरी थांबा, पण थांबण्याचा खर्च ज्यांनी जास्त सोडला ते देतील, असं उत्तर मिळालं. त्यासाठी बहुपक्षीय निधी उभा राहिला, विकसनशील देशांना जादा मुदत मिळाली. भारत १९९२मध्ये करारात आला. १ ऑगस्ट २००८ रोजी भारताने सीएफसीचं उत्पादन ठरलेल्या मुदतीच्या सतरा महिने आधी थांबवलं. अपवाद ठेवला तो दम्याच्या इनहेलरचा, कारण औषधाचा फवारा तेव्हा त्याच वायूवर चालायचा. ज्याचा श्वास अडकलाय त्याला आधी श्वास, हे मला फार शहाणपणाचं वाटतं. मग पर्यायी इनहेलर आले आणि तो अपवादही संपला.

आज करारात १९८ पक्ष आहेत. शास्त्रज्ञांच्या ताज्या मोठ्या अहवालाप्रमाणे सगळं असंच चालू राहिलं तर जगाच्या बहुतेक भागावरचा ओझोन २०४०च्या सुमारास, आर्क्टिकवरचा २०४५च्या आणि अंटार्क्टिकावरचा २०६६च्या सुमारास १९८०च्या पातळीला येईल.

या सगळ्यात एकही हुतात्मा नाही. कुणी ट्रकसमोर आडवं गेलं नाही. लाखो घरांत फ्रिज बदलले आणि मालकांना त्यातला वायू बदलल्याचं कळलंही नाही. आमच्या शेजारच्या शिरूर तालुक्यात रांजणगावला फ्रिजचे मोठमोठे कारखाने आहेत. आज दुकानातून घरगुती फ्रिज आणलात तर मागच्या पट्टीवर बहुधा आर-६००ए लिहिलेलं सापडेल. म्हणजे आयसोब्युटेन, ज्यात क्लोरीनचा एक अणूही नाही. तो आणताना तुम्ही कुठलाही त्याग केलेला नसतो. काही प्रश्न माणसं सुधारून सुटत नाहीत. डीफॉल्ट सेटिंग बदललं की सुटतात.

मग मी इथेच थांबून म्हणू शकलो असतो, कायदा करा, करार करा, माणसाला त्रास देऊ नका. पण दोन गोष्टी आड येतात.

पहिली, करार कारखान्यापर्यंत पोचतो, छतावर पोचत नाही. आर-२२चा वापर भारतात २०३०पर्यंत टप्प्याटप्प्याने संपवायचा आहे. पण जुन्या यंत्रांत भरलेला वायू तोवर आणि त्यानंतरही तिथेच आहे. तो नट सैल करताना तिथे कुठलाच करार उभा नसतो. २०१८मध्ये तर मोठ्या प्रमाणावर असं दिसलं. बंद झालेल्या सीएफसी-११चं हवेतलं प्रमाण जेवढं घटायला हवं होतं तेवढं घटत नव्हतं. हवाईपासून कोरिया-जपानपर्यंतच्या ठाण्यांच्या मोजमापांवरून माग काढला तर त्यातला मोठा वाटा पूर्व चीनमधून येत होता. गवगवा झाला, आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत तो कमी झाला.

दुसरी गोष्ट, पर्याय नवे प्रश्न आणतो. क्लोरीन काढून टाकलेले एचएफसी वायू ओझोनला हात लावत नाहीत, पण हवा तापवतात. म्हणून २०१६मध्ये किगाली दुरुस्ती झाली, भारताने ती २०२१मध्ये मान्य केली, आणि आपल्याला २०४७पर्यंत ते ८५ टक्क्यांनी कमी करायचे आहेत. काही एसी प्रोपेनवर चालतात, ओझोनला आणि तापमानाला दोन्हीला जवळजवळ निरुपद्रवी. पण प्रोपेन पेटतो. म्हणजे मिजलीने ज्या धोक्यापासून सुटका केली होती, त्यातला एक आपण जाणूनबुजून, मोजूनमापून घरात परत आणतोय. यावेळी धोका निदान दिसणारा आहे, आणि तो जो वापरतो त्याच्याच घरात आहे. नैतिक हिशेबात मला हे जास्त प्रामाणिक वाटतं.

समुद्राचं आयोडीन

इथवर वाचून क्लोरीन-ब्रोमीन हे राक्षस वाटले असतील तर पुण्यातच पाषाणला चला. तिथल्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेत, म्हणजे आयआयटीएममध्ये, डॉ. अनूप महाजन आणि त्यांचे सहकारी याच कुटुंबातल्या आयोडीनचा अभ्यास करतात, हिंदी महासागरावरच्या हवेत आणि ध्रुवांकडे. समुद्रातून आयोडीन आणि ब्रोमीनची संयुगं आपोआप हवेत येत असतात आणि तिथेही ओझोन मोडतात. आणि ते बरं असतं. कारण उंचावरचा ओझोन ढाल आहे, पण खाली आपल्या नाकाशी असलेला ओझोन प्रदूषण आहे. गाड्यांच्या धुरातून आणि उन्हातून तो तयार होतो, फुप्फुसांना त्रास देतो, पिकांचं उत्पादन घटवतो.

म्हणजे तोच रेणू वर रक्षक, खाली उपद्रवी. तोच अणू वर विध्वंसक, खाली सफाई कामगार. पदार्थाला चारित्र्य नसतं. तो कुठे आहे, किती आहे, तिथे कुणी नेला, यावर सगळं ठरतं.

अजून एक पीळ आहे. आपण हवेत वाढवलेला ओझोन समुद्राच्या पृष्ठभागावर पडतो तेव्हा पाण्यातल्या आयोडाइडशी क्रिया होऊन आणखी आयोडीन बाहेर पडतं. आल्प्सच्या जुन्या बर्फात हे नोंदलं गेलंय. १९५० ते १९९०च्या दशकापर्यंत तिथल्या बर्फातलं आयोडीन साधारण तिप्पट झालं. समुद्र आपल्या धुराला उत्तर देतोय आणि आपलं थोडं प्रदूषण खाऊन टाकतोय. आता यातलं नैसर्गिक किती आणि माणसाचं किती? ‘निसर्गातच आहे’ हा शब्दप्रयोग बचाव म्हणून वापरता येत नाही, इतके आपण त्यात मिसळून गेलोय.

दिसायला लागणं

मग जिथे ट्रक दिसत नाही तिथे काय करायचं? मला सुचलेलं उत्तर दोन पायऱ्यांचं आहे.

पहिली पायरी, तो दिसेल असं करणं. या गोष्टीतले मला सगळ्यात जवळचे वाटणारे लोक मोजणारे आहेत. पुण्यातल्याच हवामान खात्यात अ‍ॅना मणी यांनी उपकरणांचा विभाग सांभाळला. १९६०च्या दशकात भारतीय बनावटीचं ओझोन मोजणारं यंत्र त्यांच्या कामातून तयार झालं, जे फुग्याला बांधून वर सोडतात. तेव्हा ओझोनला धोका आहे हे कुणालाच माहीत नव्हतं. फार्मनच्या चमूनेही अंटार्क्टिकावर वर्षानुवर्षं कंटाळवाण्या नोंदी ठेवल्या. त्या नसत्या तर १९८५ साली घट कशाच्या तुलनेत दाखवली असती? मोजत राहणं मला केवळ तांत्रिक काम वाटत नाही. ज्याला वास नाही त्याला नाक मिळवून देण्याचं ते काम आहे.

दुसरी पायरी, एकदा दिसल्यावर खर्च कुणी उचलायचा हे ठरवणं. इथे लंडनचा नियम मला खालपर्यंत उतरवावासा वाटतो. जबाबदारी बटण दाबणाऱ्या हाताशी संपत नाही. ज्याला कळतं, ज्याचा फायदा होतो आणि ज्याला परवडतं, त्याच्याकडे ती जास्त जाते. थंड हवेत कोड लिहिणारा मी या तिन्ही निकषांत आतेभावाच्या वर बसतो. तो सुटतो असं नाही. त्यालाही आता आकडा माहीत आहे, आणि माहीत झाल्यावरची फुस्स आधीच्यासारखी राहत नाही. पण त्याने एकट्याने भाव वाढवून गिऱ्हाईक घालवावं, ही अपेक्षा म्हणजे आपल्या सोयीसाठी त्याला ट्रकसमोर आडवं करणं. हौतात्म्य स्वतः पत्करायचं असतं, दुसऱ्याकडून मागायचं नसतं.

आपल्याकडून मागण्यासारख्या गोष्टी साध्या आहेत. मेकॅनिक आला की विचारा, यात कुठला गॅस आहे? गळती शोधून बंद करणार की नुसता भरणार? काढलेला गॅस कुठे जाणार? आणि त्या उत्तराचे जे जास्त पैसे होतील ते कुरकुर न करता द्या. एसी शिफ्ट करताना पंप डाउन करायला सांगा, त्याला तर मशीनही लागत नाही.

त्या दिवशी ‘मग आता?’च्या पाठोपाठ आतेभावाने आणखी एक विचारलं होतं, “मशीनचे निम्मे पैसे तू देतो का?” त्याने टोमणाच मारला होता. मी दोन दिवस विचार केला आणि हो म्हणालो. मग त्यानेच डोकं चालवलं. एकट्याला मशीन परवडत नाही, पण मंचर ते घोडेगाव पट्ट्यातल्या चार मेकॅनिकांनी मिळून घेतलं, ज्याला लागेल त्याने त्या दिवशी न्यायचं, तर माझी निम्मी रक्कम धरून प्रत्येकाचा वाटा फार येत नाही. दोघे तयार झालेत. चौथा म्हणतो, सीझन संपल्यावर बघू.